थायरॉइडची गोळी आणि हृदय: डोस कमी-जास्त झाला तर काय होतं, आणि घरी काय काय बघायचं

खानापुरात आमचं मेडिकल आहे, १७ वर्षं झाली मी काउंटरला उभी असते, आणि दिवसातनं सगळ्यात जास्त वेळा मी जी बाटली देते ती थायरॉइडच्या गोळीची. बायका येतात, रिकामी बाटली पुढं करतात, "हीच द्या" म्हणतात, पैसे देतात आणि जातात. चार-चार, पाच-पाच वर्षं तीच बाटली आणि तोच आकडा. मधे रक्त कधी तपासलं विचारलं की "तेव्हा तपासलेलं की" असं उत्तर येतं, आणि तेव्हा म्हणजे कधी तर थोरल्या मुलीच्या लग्नाच्या आधी.

माझ्या आईचंही तसंच झालं आणि म्हणून हे लिहायला बसले. आई नंदगडला असते. तिला थायरॉइड कमी असल्याचं कळलं तेव्हा तिचं वजन ७२ किलो होतं, डॉक्टरांनी हळूहळू वाढवत १२५ मायक्रोग्रॅमवर आणलं, टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठी रक्तात तपासतात तो आकडा, जागेवर आला, सगळे खूश. नंतर बाबा गेले, तिचं जेवण कमी झालं, वय वाढलं, वजन ५४ वर आलं, खरं गोळी १२५ चीच राहिली कारण दर तीन महिन्यांनी मीच दुकानातनं बाटली पाठवत होते आणि एकदाही तपासायला नेलं नाही. रात्री छातीत धडधडालंय म्हणायची, हात थरथरायचे, घाम यायचा, झोप नाही. ती म्हणायची उष्णता झालीय, मग सब्जा, कोकम, ताक असं चाललेलं. एक दिवस जिना चढून दम लागला म्हणून बेळगावला नेलं तर ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडून ठोके कसेही पडायला लागलेले, आणि टीएसएच ०.०३, म्हणजे गोळी फार जास्त होत होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळीचा डोस शेवटचा कधी बघितला?" मला उत्तर देता आलं नाही.

आता आईचं बरं आहे. डोस कमी करत ७५ वर आणला, काही महिन्यांत टीएसएच १.८ आला, ठोकेही लयीत आले, फक्त रक्त पातळ ठेवायची गोळी अजून चालू आहे. तेव्हापासनं काउंटरला मी प्रत्येकाला जे सांगते तेच इथं सविस्तर लिहिते.

गोळीचा हृदयाशी संबंध काय

ज्यांच्या शेतात विहिरीवर मोटर आहे त्यांना हे पटकन समजेल. व्होल्टेज कमी आलं तरी मोटर गरम होऊन कॉइल जळते आणि जास्त आलं तरी जळते. थायरॉइडचं हार्मोन म्हणजे शरीराचं व्होल्टेज धरा, आणि हृदय ही अशी मोटर आहे जी जन्मापासनं एक मिनिटही बंद नसते, त्यामुळं व्होल्टेजची गडबड तिला लवकर लागते.

हार्मोन जास्त झालं की हृदय जोरात आणि भरभर धडकतं, त्याला ऑक्सिजन जास्त लागतो, ज्यांच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्यात त्यांच्या छातीत दुखायला लागतं, आणि वय झालेल्यांत लय बिघडते. लय बिघडली की वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूकडं गेली तर पॅरालिसिस. धडधड काय एवढी मोठी गोष्ट नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो ह्यासाठीच.

हार्मोन कमी पडलं तर उलटं होतं. ठोके मंद होतात, रक्तवाहिन्या सैल पडत नाहीत म्हणून बीपीचा खालचा आकडा वाढतो, आणि रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, लिव्हरला नीट उचलता येत नाही म्हणून ते साठत जातं. फारच कमी झालं आणि बरेच दिवस तसंच राहिलं तर हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणीसुद्धा साचतं. कोलेस्टेरॉल अचानक वाढलेलं दिसलं तर आधी टीएसएच बघतात ते ह्यामुळंच, कारण थायरॉइड जागेवर आलं की बऱ्याच जणांचं कोलेस्टेरॉल आपोआप थोडं उतरतं. आणि थायरॉइड कमी असतानाच कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू केली तर अंगदुखी, पायात गोळे यायचं प्रमाणही जास्त असतं.

ह्यावर मोठा अभ्यास झालाय. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत २००४ ते २०१७ मध्ये थायरॉइड हार्मोन घेणाऱ्या सात लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी बघितल्या, २०२२ मध्ये तो छापून आला. गोळी घेत असताना ज्यांचा टीएसएच ०.१ च्या खाली होता त्यांच्यात हृदयविकारानं आणि पॅरालिसिसनं मरायचा धोका, टीएसएच ठीक असणाऱ्यांपेक्षा साधारण ३९ टक्के जास्त दिसला, आणि ज्यांचा २० च्या वर होता, म्हणजे गोळी कमी पडत होती, त्यांच्यात तर अडीच पटीहून जास्त. त्यात बहुतेक वयस्कर पुरुष होते, आणि अशा नोंदींवरनं गोळीमुळंच मेले असं ठामपणे म्हणता येत नाही हे खरं, तरी दोन्ही टोकांना धोका दिसला ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण आपल्याकडं लोकांना भीती फक्त एकाच बाजूची असते, "थायरॉइड वाढला", आणि गोळी जास्त होऊ शकते हे डोक्यातच येत नाही.

टीएसएचचा आकडा उलटा वाचायचा असतो

ह्यात जवळजवळ सगळेच फसतात. रिपोर्टवर टीएसएच ९ आला की लोक म्हणतात थायरॉइड जास्त झाला. तसं नाही. टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नव्हेच, मेंदूच्या खाली एक छोटी ग्रंथी असते ती थायरॉइडला मारत असलेली हाक म्हणजे टीएसएच. पोरगं अंगणात खेळतंय आणि आईनं हाक मारली, आलं नाही की आवाज वाढतो, आलं की आई गप्प बसते. हार्मोन कमी पडलं की हाक मोठी, म्हणजे टीएसएच जास्त. हार्मोन भरपूर झालं की हाक बंद, म्हणजे टीएसएच शून्याच्या जवळ.

त्यामुळं टीएसएच ०.०५ आला तर "वा, एकदम कमी आला, छान" असं नाही, गोळी जास्त होतेय असा त्याचा अर्थ. आमच्याकडं एक काकू रिपोर्ट दाखवायला आनंदानं आलेल्या, ०.०२ होता, मी त्यांना त्याच दुपारच्या बसनं डॉक्टरकडं पाठवलं.

साधारण लॅबमध्ये ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी रेंज असते. गोळी घेणाऱ्याचा टीएसएच बहुतेक वेळा ह्यातच ठेवायचा असतो. सत्तरीच्या पुढच्या माणसाचा ५ किंवा ६ आला तर डॉक्टर बऱ्याचदा तसाच राहू देतात, वयाबरोबर तो थोडा वर सरकतोच. २०१७ मध्ये युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर प्रयोग झाला, टीएसएच थोडा वाढलेला, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती साखरेसारखी, वर्षभरानं थकवा किंवा बाकीच्या त्रासात दोन्ही गटांत काही फरकच नव्हता. म्हणून आजोबांचा टीएसएच ६ आला आणि डॉक्टरांनी गोळी दिली नाही तर दुसरा डॉक्टर शोधत फिरू नका.

खालच्या बाजूला मात्र वय झालेल्यांनी जास्त सांभाळायचं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या ६० वर्षांवरच्या लोकांचा १० वर्षं पाठपुरावा केलेला, १९९४ मध्ये छापलेला, त्यात टीएसएच ०.१ किंवा त्याच्या खाली असलेल्यांपैकी १०० मधल्या २८ जणांना एट्रियल फिब्रिलेशन झालं, टीएसएच नॉर्मल असणाऱ्यांत १०० मधल्या ११ जणांना. आईचा रिपोर्ट हातात आल्यावर मी हे वाचलं, आणि बराच वेळ तसंच बसून राहिले.

एक अपवाद आत्ताच सांगून टाकते. थायरॉइडचा कॅन्सर होऊन ऑपरेशन झालेलं असेल तर काही जणांचा टीएसएच मुद्दाम खाली ठेवतात. अशा माणसानं हे वाचून गोळी कमी करायची नाही. तुमच्या डॉक्टरांनी कॅन्सर आणि हृदय दोन्हीचा विचार करून आकडा ठरवलेला असतो, तो कितीत ठेवायचाय एवढं विचारून लिहून घ्या. गरोदर बाईचंही वेगळं असतं, तेव्हा डोस वाढवावा लागतो आणि लगेच वाढवावा लागतो, म्हणून पाळी चुकल्याचं कळलं की त्याच आठवड्यात डॉक्टरला भेटायचं.

बाटली हातात घ्या

आता उठा आणि बाटली आणा. त्यावर मोठा आकडा असतो, २५, ५०, ७५, ८८, १००, १२५ असा, तो मायक्रोग्रॅममधला डोस. तो पाठ पाहिजे. "पांढरी बारकी गोळी" सांगून चालत नाही, सगळ्याच बारक्या असतात.

आकडा वाचताना टिंबाकडं बघा. १२.५ आणि १२५ ह्यात दहापट फरक आहे, आणि चष्मा नसताना, पावसात अंधारलेल्या दुकानात, तो टिंब दिसत नाही. ६२.५ चंही तेच. मी चिठ्ठीवरचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवते आणि गिऱ्हाइकाला परत म्हणायला लावते, काहींना ते आवडत नाही, तरी मी सोडत नाही.

दुसरं, आमच्या सीमाभागातली खास अडचण. इथला माणूस अर्धा दवाखाना बेळगावला करतो, अर्धा मिरजेला नाहीतर कोल्हापूरला, दोन फायली, दोन चिठ्ठ्या, एका डॉक्टरनं एक कंपनी लिहिली, दुसऱ्यानं दुसरी. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स ही नावं वेगळी असली तरी आतलं औषध एकच, लेव्होथायरॉक्सिन. एक आजी सकाळी एका कंपनीची ५० आणि दुसऱ्या कंपनीची ७५ अशी दोन्ही घेत होत्या, त्यांना वाटलेलं एक थायरॉइडची आणि एक "गळ्याची". सहा महिने रोज १२५. म्हणून चिठ्ठी कुठलीही असो, बारीक अक्षरात खाली औषधाचं खरं नाव असतं ते बघा, आणि बेळगावच्या डॉक्टरला मिरजेची फाइल दाखवा, मिरजेच्या डॉक्टरला बेळगावची.

कंपनी शक्यतो एकच धरा, जेनेरिक घेतली तरी चालते, फक्त दर महिन्याला बदलू नका. बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून बघा.

घ्यायची कशी, आणि ते हृदयाशी का जोडलेलं आहे

उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही. चहासुद्धा नाही. मला माहीत आहे पहाटे धार काढायला उठणाऱ्या बाईला चहाशिवाय हलता येत नाही, खरं चहा, कॉफी आणि दूध ह्यांच्याबरोबर गोळी नीट शोषली जात नाही. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी डॉक्टरला विचारून रात्री झोपताना घ्यावी, शेवटचं जेवण होऊन तीन तास झालेले पाहिजेत. सकाळ की रात्र हे तुम्ही ठरवा, ठरवलं की मग रोज तेच.

कॅल्शियम आणि रक्तवाढीची लोहाची गोळी ह्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास अंतर ठेवा, जळजळीवरच्या अँटासिडचंही तसंच. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ह्या पित्ताच्या गोळ्या आमच्याकडं लोक शेंगदाण्यासारख्या खातात, रोज घेतल्या तर पोटातलं आम्ल कमी होऊन थायरॉइडची गोळी कमी लागू पडते.

आता ह्यातनं एक गोष्ट निघते ती मला कुठं नीट लिहिलेली सापडली नाही म्हणून थोडी सविस्तर सांगते. समजा एक बाई तीन वर्षं गोळी चहाबरोबर घेतेय. निम्मी गोळी वाया जातेय, टीएसएच वाढलेला दिसतो, डॉक्टर ५० चे ७५ करतात, मग १००. टीएसएच जागेवर येतो. आता हे वाचून ती उद्यापासनं शहाण्यासारखी पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्यायला लागली. गोळी तीच १०० ची, खरं आता ती पूर्ण अंगात जातेय. महिन्या-दीड महिन्यात डोस तिला जास्त होणार, धडधड सुरू. रोजची पित्ताची गोळी बंद केली, लोहाचा कोर्स संपला, तरी असंच. म्हणून घ्यायच्या पद्धतीत काहीही बदल केलात, चांगला असला तरी, तर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचंच. साठीच्या पुढचे आणि स्टेंट बसवलेले असतील तर बदल करायच्या आधीच डॉक्टरला सांगा.

एखाद्या दिवशी चुकली तर घाबरायचं नाही. हे औषध अंगात हळू उतरतं, निम्मं संपायलाच आठवडा लागतो, म्हणून एका दिवसानं काही बिघडत नाही, आठवलं की घ्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊ का असं विचारतात, हृदयाचा त्रास असलेल्यांनी आपल्या मनानं तसं करू नये. मात्र यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीला गेलो आणि गोळी घरी राहिली, मग परत आल्यावर पण विसरले, असं पंधरा-वीस दिवस झालं तर तो वेगळा विषय आहे. वारीला, जत्रेला, लेकीच्या बाळंतपणाला जाताना बाटली पिशवीत आधी टाका, कपडे नंतर.

आणि आमच्या भागातला पाऊस. जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते तिथं गोळीचं काय होणार. ती मूळ बाटलीतच ठेवा, झाकण घट्ट, आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका, चुलीच्या किंवा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवू नका, ओल्या हातानं काढू नका.

नाडी मोजायला शिका

हे फुकट आहे आणि आईच्या बाबतीत हे मला आधी येत असतं तर चार महिने आधी कळलं असतं. पाच मिनिटं शांत बसा. एका हाताचा तळवा वर, दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा, अंगठ्यानं मोजू नका कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, लय बिघडलेली असेल तर त्यात कळत नाही.

दोन गोष्टी बघायच्या. एक आकडा, बसल्या जागी ६० ते १०० च्या मधे असतो. आकडा रेंजमध्ये असला तरी तुमच्या नेहमीच्यापेक्षा पंधरा-वीसनं वाढलेला दिसला, म्हणजे नेहमी ७२ असते आणि आता रोज ९२ येतेय, तर ती खूण आहे. दुसरी लय. घड्याळासारखे ठोके पडतायत की कधी दोन जवळ, मग मोठा खंड, मग तीन भरभर, असं कसंही. लय अशी विस्कटलेली लागली तर त्याच दिवशी ईसीजी काढा. घरात बीपीचं डिजिटल मशीन असेल तर ते नाडी दाखवतंच, काही मशीन लय चुकल्याची खूणही दाखवतात, ती दिसली तर मशीन खराब झालंय असं समजून दुर्लक्ष करू नका.

आई आता दर सोमवारी सकाळी मोजते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या घरात लिहिते. वजनही महिन्याला एकदा. वजन पाच-सहा किलोनं उतरलं किंवा चढलं तर डोसचा परत विचार करावा लागतो, पूर्ण डोस साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम असा हिशोब असतो, त्यावरनंच बघा, ७२ किलोच्या बाईचा डोस ५४ किलोच्या बाईला कसा बसेल.

रक्त कधी आणि कसं द्यायचं

डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच्या आधी केलं तर पैसे वाया, कारण औषध अंगात स्थिर व्हायलाच तेवढे दिवस लागतात. पंधरा दिवसांत परत तपासून डोस परत वाढवला असं झालं की गाडी पुढं निघून जाते. एकदा जागेवर आलं की सहा महिन्यांनी, मग वर्षाला एकदा तरी.

त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, आधी घेतली तर फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, चढलेलं दिसतं. टीएसएचसाठी उपाशी राहायची गरज नसते, खरं कोलेस्टेरॉलही बघायचं असेल तर लॅबवाल्याला विचारून जा, जांबोटीकडनं बसनं येऊन परत जायची पाळी नको. दर वेळी साधारण त्याच वेळेला द्या, टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो.

केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी घेत असाल तर किमान दोन-तीन दिवस आधी बंद करा, थायरॉइडवाल्या बायकांत ही फार चालते. बायोटिन काही मशीनला फसवतं, टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त येतो, आणि मग चांगला चाललेला डोस उगाच कमी केला जातो.

डोस बदलताना घाई नको

साठीच्या पुढचे, हार्ट अटॅक येऊन गेलेले, स्टेंट किंवा बायपास झालेले, ह्यांना गोळी १२.५ किंवा २५ पासनं चालू करतात आणि काही आठवडे थांबून थांबून वाढवतात. घरचे विचारतात एवढी बारकी कशाला, लवकर बरं करा की. बरेच महिने मंद चाललेल्या हृदयाला एकदम पळायला लावलं तर छातीत दुखणारच. वाढवल्यावर चालताना छाती भरून आली, जबडा किंवा डावा हात दुखला, तर पुढची पायरी चढायची नाही, डॉक्टरला फोन.

रक्त पातळ करायची ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिन चालू असेल तर थायरॉइडचा डोस बदलला की त्या गोळीचा परिणामही बदलतो, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, लवकर करून घ्या. लय बिघडली म्हणून अमिओडॅरोन दिलेली असेल तर तिच्यात भरपूर आयोडीन असतं, तिच्यामुळं थायरॉइड कुठल्याही बाजूला जाऊ शकतं, म्हणून त्यांनी दर सहा महिन्यांनी तरी तपासायचं.

वजन कमी करायला ही गोळी घेऊ नका, दुसऱ्याच्या बाटलीतली तर नाहीच. कॉलेजच्या मुली येतात विचारायला, मी देत नाही. अश्वगंधाही काही जणांत थायरॉइडचं हार्मोन वाढवते, बाजारात "थायरॉइडवर रामबाण" म्हणून पावडर मिळते तिच्यात काय असतं ते डब्यावर वाचा आणि डॉक्टरला दाखवल्याशिवाय गोळीबरोबर घेऊ नका. कोबी, फ्लॉवर शिजवून खा, त्यानं काही होत नाही.

आणि हे सगळं वाचून घाबरून उद्या कुणी गोळीच बंद करेल अशी मला काळजी आहे. बंद करायची नाही. २० च्या वरचा टीएसएच जास्त घातक दिसलाय हे वर लिहिलंय. शंका आली तर आठवड्याभरात तपासा, तोपर्यंत चालू ठेवा, धडधड फार असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला भेटा, तेच सांगतील दोन दिवस थांबायचं की डोस कमी करायचा.

डॉक्टरला सांगताना "बरं वाटत नाही" एवढंच सांगू नका. डोस किती, कधीपासनं, वजन किती होतं आणि आता किती, नाडी किती, सोबत कुठल्या गोळ्या, हे एका कागदावर लिहून न्या. सरकारी दवाखान्यात डॉक्टर कन्नड असले आणि आजीला कन्नड येत नसलं तर कागद कामाला येतो, आकडे सगळ्यांना वाचता येतात. धडधडीला "एदी ढवढव अंतैति" म्हटलं की त्यांना कळतं.

छातीत दाबल्यासारखं दुखतंय आणि थांबत नाही, बसल्या जागी दम लागतोय, चक्कर येऊन पडलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हातपाय उचलत नाही किंवा बोलताना जीभ अडखळतेय, बसून असताना नाडी १२० च्या वर आणि कशीही पडतेय, ह्यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही, मेडिकलमध्ये गोळी विचारायला यायचं नाही, १०८ ला फोन लावायचा आणि थायरॉइडची बाटली हातात घेऊनच गाडीत बसायचं.